नाव आपलं, वही दुसऱ्याच्या घरी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं, याबद्दल आपल्याकडे ठाम समजुती आहेत. सकाळी फिरायला जावं, सोसायटीचे हिशेब तपासावेत, फार तर एखादी कादंबरी लिहावी. कादंबऱ्या मी नोकरीत असल्यापासूनच लिहीत होतो. त्यामुळं २०१८ साली निवृत्त झाल्यावर काहीतरी नवं करणं भाग होतं. मी सांगलीतल्या आमच्या घरात डीएनएस सर्व्हर बसवला.

"म्हणजे काय बसवलंस? इन्व्हर्टरसारखं काही आहे का?" कट्ट्यावरच्या एका मित्रानं विचारलं. दुसऱ्यानं त्याची किंमत विचारली. आणि घरी सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "त्यानं वीजबिल किती वाढेल?" तिघांचेही प्रश्न रास्त होते. आणि पुढं जे घडलं ते पाहता तिसरा प्रश्न तर फारच दूरदृष्टीचा होता, कारण सगळं अडलं ते विजेपाशीच.

हे प्रकरण आहे तरी काय, ते आधी सांगतो. आपण इंटरनेटवर एखादं नाव टाईप करतो, पण यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना आकडे कळतात. प्रत्येक नावामागं आकड्यांचा एक पत्ता असतो आणि नाव सांगितल्यावर तो पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था आहे, तिचं नाव डीएनएस. समजा, सोलापूरच्या एखाद्या वाचकाला माझ्या आडनावाच्या, पुढे 'डॉट इन' असलेल्या पत्त्यावर पत्र पाठवायचं आहे. त्याच्या वतीनं एक यंत्र चौकशीला निघतं. परगावी उतरल्यावर आपण करतो तशीच ही चौकशी असते. आधी मोटार स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारायचं. त्याला तुमच्या पाहुण्यांचं घर ठाऊक नसतं, पण त्या पेठेची बस कुठून सुटते ते ठाऊक असतं. तो कंट्रोलर म्हणजे रूट सर्व्हर. जगात त्यांची नावं तेराच, इंग्रजी ए पासून एम पर्यंत. त्यांच्या प्रती मात्र जगभर शेकड्यांनी पसरलेल्या आहेत, मुंबईतसुद्धा आहेत. तो सांगतो, 'डॉट इन' वाल्यांना विचारा. पेठेत उतरल्यावर कोपऱ्यावरचा वाणी सांगतो, त्या आडनावाचे लोक ना, ते त्या वाड्यात राहतात, तिथंच विचारा. आणि वाड्याच्या दारात जो माणूस शेवटचं आणि अधिकृत उत्तर देतो, तो त्या नावाचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर.

बहुतेक लोक हा दारातला माणूस भाड्यानं ठेवतात. ज्या कंपनीकडून नाव विकत घ्यायचं, तीच कंपनी ही सोय फुकट देते. मीही तेच केलं होतं. पण २०१७ साली त्या कंपनीनं आपली यंत्रं बदलली आणि त्या धांदलीत माझ्या नावापुढची टपालाची नोंद गहाळ झाली. तीन दिवस माझी पत्रं परत जात होती. त्यांतच प्रकाशकानं पाठवलेली मुद्रितं होती. मी फोन केला की, "सर, अठ्ठेचाळीस तासांत होऊन जाईल" असं उत्तर मिळे, आणि हे अठ्ठेचाळीस तास दर फोनला नव्यानं सुरू होत. १९८१ साली मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हातानं लिहिले जात. आपलं खातं दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्यानं चुकीची नोंद केली तर आपल्याला नुसतं हात चोळत बसावं लागतं, ही ग्राहकाची अवस्था मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पुष्कळ पाहिली होती. आता ती बाहेरच्या बाजूनं पाहिली. ठरवलं, आपल्या नावाची वही आपणच लिहायची.

या कल्पनेला एक जुना इतिहासही आहे, हे मला पुढं वाचताना कळलं. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत सगळ्या यंत्रांची मिळून एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई. नवं यंत्र जोडलं की तिथं कळवायचं, मग यादीत नोंद व्हायची, मग प्रत्येकानं नवी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही एकखांबी व्यवस्था वाकू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकानं नवी पद्धत मांडली. तिचं सार एवढंच की, सगळ्यांची यादी एकानं ठेवायची नाही. वरच्यानं फक्त खालच्याचं ठिकाण सांगायचं आणि ज्याचं नाव त्यानं आपली वही स्वतः लिहायची. बँकेच्या भाषेत हे अधिकारांचं वाटप झालं. प्रत्येक वहीच्या पहिल्या नोंदीचं नावच मुळी 'स्टार्ट ऑफ ऑथॉरिटी', म्हणजे अधिकाराचा आरंभ! माझ्यासारख्या जन्मभर कुणाच्या तरी अधिकारात सह्या केलेल्या माणसाला हे शब्द वाचून किती गुदगुल्या झाल्या असतील, ते सांगायला नको.

माझा भाचा बंगळुरूला याच क्षेत्रात आहे. त्यानं फोनवरून एकेक पायरी सांगितली. पत्त्यांच्या कॅटएवढं रास्पबेरी पाय नावाचं छोटं यंत्र आणलं. त्यावर 'बाइंड' नावाची प्रणाली चढवली. ती अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात लिहिली, आणि आजही ती जगभर वापरात आहे. ब्रॉडबँडवाल्यांना जास्तीचे पैसे भरून न बदलणारा आकडी पत्ता घेतला. वही लिहिली. तीत जेमतेम दहा-बारा ओळी होत्या. अमुक आकड्यावर माझं संकेतस्थळ आहे, अमुक ठिकाणी माझं टपाल द्या, आणि हे उत्तर चोवीस तास लक्षात ठेवायला हरकत नाही, म्हणजे ८६,४०० सेकंद. या व्यवस्थेत सगळं काळमापन सेकंदांत चालतं. व्याजाचे दिवस मोजण्यात हयात गेल्यामुळं मला त्याचं काही वाटलं नाही.

एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी. माझं संकेतस्थळ घरात नव्हतं आणि टपालपेटीही नव्हती. त्या दोन्ही गोष्टी दूर कुठल्याशा पक्क्या इमारतीत भाड्याच्या जागेत होत्या. घरात होती ती फक्त ठावठिकाणा सांगणारी वही.

पहिल्याच आठवड्यात अद्दल घडली. यंत्राला कोण काय विचारतं याची नोंद पाहिली तर हजारो प्रश्न येऊन पडलेले, आणि त्यांतला एकही माझ्या नावाबद्दल नव्हता. भाचा हसला. "मामा, तुम्ही चौकशीची खिडकी गावजेवणासारखी उघडी ठेवलीत. कुणीही यावं आणि कशाबद्दलही विचारावं." त्यात लबाडी अशी की, विचारणारे खोटा परतीचा पत्ता देतात. प्रश्न एका ओळीचा, उत्तर पानभर, आणि ते जाऊन पडतं तिसऱ्याच कुणाच्या तरी दारात. असे हजारो कागद एकाच दारात लोटून त्याला गुदमरवायचं, हा या धंद्यातला जुना दरोडा आहे. एक ओळ लिहून ती खिडकी बंद केली. आपल्या नावापुरतंच बोलायचं, बाकीच्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. कारकुनीत शिकलेला पहिला धडा मी इथं पुन्हा गिरवला.

खरी चूक मात्र दुसरीच होती, आणि ती मी जाणूनबुजून केली होती. नियम असा आहे की प्रत्येक नावासाठी निदान दोन सर्व्हर हवेत. एक बंद पडला तर दुसऱ्यानं उत्तर द्यावं. आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली शिफारस तर स्पष्टच सांगते की, दोन्ही एका छपराखाली ठेवू नयेत, भौगोलिकदृष्ट्या लांब ठेवावेत. कंपनीच्या फॉर्मवर दोन रकाने होते. मी दोन नावं भरली, आणि दोन्ही नावं त्याच एका यंत्राची. कर्जाच्या अर्जावर कर्जदार आणि जामीनदार एकच माणूस निघाला की अर्ज फेकून देणारा मी, स्वतःच स्वतःला जामीन राहिलो. भाच्यानं हटकलं होतं. "मामा, दुसरा माझ्याकडे ठेवू या का?" मी म्हटलं, "माझ्या नावाची वही माझ्याच घरात राहू दे." दुसऱ्याच्या हातून सुटण्यासाठीच तर हा खटाटोप केला होता. आता पुन्हा दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

मग ऑगस्ट २०१९ आला. २००५ चा महापूर आम्ही पाहिला होता. तेव्हा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं. त्यामुळं सगळे निर्धास्त होते. यंदा कृष्णा थांबली नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मंगळवारी, ६ तारखेला रात्री आमच्या उंबऱ्यातून पाणी आत आलं आणि त्याच रात्री वीज गेली. हाताला लागलं ते घेऊन आम्ही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि पुढचे पाच दिवस तिथंच राहिलो. त्या दिवसांबद्दल सांगलीकरांना मी वेगळं काय सांगणार? गुरुवारपर्यंत आमचे दोन्ही फोन मान टाकून बसले होते.

यंत्र माळ्यावर होतं, कोरडं राहिलं. पण इन्व्हर्टर पाण्याखाली गेला. माझ्या घरातून कुणी उत्तर देईना. तरीही चोवीस तास जगाला त्याचा पत्ता लागला नाही, कारण ज्यांनी आदल्या दिवशी माझा ठावठिकाणा विचारला होता, त्यांच्या आठवणीत तो होता. ८६,४०० सेकंद मी जगाच्या स्मरणात होतो. मग एकेक यंत्र विसरत गेलं आणि बुधवारी रात्रीपर्यंत माझं नाव कुठंच सापडेनासं झालं.

आमची मुलगी टोरांटोला असते. फोन लागेना, तेव्हा गुरुवारी तिनं ई-मेल लिहिला. फुकटच्या कंपनीचा जुना ई-मेल पत्ता मी मोठ्या ऐटीत आधीच बंद करून टाकला होता. तिच्याकडच्या टपाल यंत्रानं माझं नाव विचारलं, उत्तर आलं नाही. अशा वेळी यंत्र लगेच हात झटकत नाही, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा विचारत राहतं. शुक्रवारी तिला सूचना आली की पत्र अजून पोहोचलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत. टीव्हीवर ती बुडालेली सांगली पाहत होती आणि समोर हे वाक्य. माझी टपालपेटी त्या वेळी दूरच्या इमारतीत कोरडी ठणठणीत होती. फक्त ती कुठं आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

रविवारी बोटीतून आम्हाला बाहेर काढलं. मिरजेला नातेवाइकांकडे पोहोचलो, फोन चार्ज केला आणि तिच्याशी बोललो. दोन्हीकडे रडून झालं. मंगळवारी, १३ तारखेला, तिच्या पत्राची मुदत संपली आणि यंत्रानं अखेरचं उत्तर धाडलं की असं ठिकाण सापडत नाही. तिनं पुन्हा फोन केला. "बाबा, तुमच्याशी बोलून दोन दिवस झाले होते, तरी ते वाचून माझे हात थरथरले."

भाचा म्हणाला, "मिरजेतूनच कंपनीच्या साइटवर जा आणि सर्व्हरची नावं बदला. पाच मिनिटांचं काम आहे." पण पासवर्ड होता डायरीत आणि डायरी होती पाण्यात. नवा पासवर्ड मागितला तर तो येणार माझ्याच पत्त्यावर, आणि तो पत्ता तर कुणालाच सापडत नव्हता! तिजोरी लावून किल्ली तिजोरीतच विसरावी, तसं झालं. वीज येईपर्यंत बसून राहण्यावाचून इलाज उरला नाही.

त्या रिकाम्या दिवसांत मला एक जुना प्रसंग आठवला. बँकेच्या प्रत्येक शाखेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड असतो. तो त्या शाखेत ठेवत नाहीत. लाखेनं मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत सांभाळायला देतात. मॅनेजर असताना ते पाकीट पिशवीत घालून एसटीनं शेजारच्या तालुक्याला मी स्वतः पोहोचवलेलं आहे. सोबतचा शिपाई म्हणाला होता, "साहेब, आपल्या किल्ल्या आपण दुसऱ्यांकडं का ठेवायच्या?" मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "अरे, आपली शाखा जळाली-बुडाली तर?" पस्तीस-सदतीस वर्षं बँकेची किल्ली मी दुसऱ्याच्या घरी ठेवली आणि स्वतःच्या नावाची मात्र ठेवली नाही. बँकेत मला तो शहाणपणा वाटत होता, घरी मात्र तोच मला कमीपणा वाटला.

सप्टेंबरमध्ये भाच्याच्या घरी बंगळुरूला दुसरा सर्व्हर उभा राहिला. मी वहीत काही बदललं की त्याचं यंत्र आपणहून नवी प्रत उतरवून घेतं. बदल झाला हे त्याला कळतं वहीवरच्या अनुक्रमांकावरून. तो क्रमांक वाढवायचा असतो. २०२० मध्ये टपालाची जागा बदलताना मी तेवढंच विसरलो. सांगली नवा पत्ता सांगत होती, बंगळुरू जुना, आणि माझी पत्रं आठवडाभर दोन गावच्या दोन सासुरवाशिणींसारखी वाटली गेली. व्हाउचरवर नंबर न घालणाऱ्या किती कारकुनांना मी झापलं असेन!

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, वीज पुन्हा गेली. आम्ही वेळेवर मिरजेला निघून गेलो होतो. माळ्यावरचं यंत्र गप्प झालं आणि बंगळुरूनं उत्तरं द्यायला सुरुवात केली. मुलीचं पत्र काही सेकंदांत माझ्या फोनवर आलं. तिनं मुद्दामच पाठवलं होतं. त्यात एकच शब्द होता, "पोहोचलं?"

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं मिळून सुमारे सहा तास नाहीसं झालं, ते वाचकांना आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि मुख्य केंद्रांशी संपर्क तुटल्याचं पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी नियमाप्रमाणे स्वतःला जाळ्यातून मागं घेतलं. माहिती जिथल्या तिथं शाबूत होती, वाट सांगणारा मात्र उठून गेला होता. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, हे पाहून मला दिलासा वाटला हे खोटं नाही. पण खरं तर भीतीच वाटायला हवी होती. दोन काय, शंभर वह्या ठेवल्या तरी त्या सगळ्या एकाच दोरीला बांधलेल्या असतील तर दोरी तुटायला वेळ लागत नाही.

माझ्या नावाची वही आज सांगलीत आहे, बंगळुरूत आहे, आणि मागच्या दिवाळीपासून टोरांटोतही आहे. तिसरी मुलीनं मागून घेतली. पासवर्ड परत मिळवायचा पत्ता आता तिचा आहे. लोक विचारतात, "हा सगळा उद्योग कशासाठी? कंपन्या हेच फुकट करतात की." खरं आहे, आणि ज्याला वेळ नाही त्यानं तसंच करावं. या उद्योगानं मी स्वावलंबी झालो असंही म्हणवत नाही. मुळात नाव माझ्या मालकीचं नाहीच, फार तर दहा वर्षांचं भाडं एका वेळी भरता येतं. बदललं ते एवढंच की, पूर्वी मी कुणावर विसंबून आहे हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि त्यांना मी नावानं हाक मारू शकतो.

शेवटची एक गोष्ट उरते. दुय्यम सर्व्हरच्या वहीत एक मुदत लिहिलेली असते. मुख्य सर्व्हरचा काहीच ठावठिकाणा लागला नाही, तर इतके सेकंद त्याच्या वतीनं उत्तर देत राहा, त्यानंतर तूही गप्प हो. मी तिथं चौदा दिवस लिहिले होते. एका संध्याकाळी सौभाग्यवतींना हे समजावून सांगताना सहज बोलून गेलो, "म्हणजे बघ, मी गेलो आणि हे यंत्र कुणी चालू ठेवलं नाही, तर तेरावा उरकला की दुसऱ्या दिवशी माझं नाव पुसलं." त्या म्हणाल्या, "तिन्हीसांजेला काहीतरीच बोलू नका." पण प्रश्न त्यांच्याही मनात राहिला असावा.

बँकेत दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, आणि वारस पुढं कधीही आला तरी त्याचे पैसे त्याला मिळतात. नावाचं तसं नाही. भाडं थकलं आणि सवलतीची मुदत टळली की ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं आणि माझ्या वाचकांची पत्रं त्या अनोळखी माणसाच्या दारात जाऊ शकतात. सेव्हिंग खात्याच्या फॉर्मवर वारसाचा रकाना असतो, माझ्या कंपनीच्या फॉर्मवर तो नव्हता. म्हणून मी एक फुलस्केप कागद घेतला. भाडं कधी भरायचं, कंपनीचं खातं कुठलं, वही कुठं आहे, अनुक्रमांक वाढवायला विसरू नये, हे सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं. एक प्रत मुलीला दिली, एक भाच्याला. तिसरी देवघराच्या कपाटात वरच्या खणात आहे. पाणी तिथवर येत नाही.

आणि ती चौदा दिवसांची मुदत अठ्ठावीस केली आहे. आकडा कुणी बदलायला सांगितला, ते वाचकांनी ओळखलंच असेल.